‘घरी सराव करून घ्यावा’

वहीच्या समासात लाल शाईने लिहिलेला हा शेरा सोलापुरातल्या कुठल्याही शाळेत सापडेल. बाईंनी तो रागाने लिहिलेला नसतो. चाळीस-पन्नास वह्या तपासून झाल्या की हात आपोआप लिहीत जातो. पण व्याकरणाच्या नजरेने पाहिलं तर या वाक्यात एक गोम आहे. करून घ्यावा, पण कोणी? कर्ताच गायब आहे. शाळेने धरूनच चाललंय, की घरी असा एक कर्ता बसलेला असेल. त्याला वाचता येत असेल, तेही शाळेच्या भाषेत. संध्याकाळी त्याचे हात मोकळे असतील. घरात एक कोपरा असा असेल, जिथे वही पसरली तर तिच्यावर कुणाचा पाय पडणार नाही.

गरिबीचा आणि जातीचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम कसा होतो, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या गायब कर्त्यापासून करावी असं मला वाटतं. नुकसान एका मोठ्या धक्क्याने होत नाही. रोज थोडं थोडं कापलं जातं. थोडा वेळ, थोडी झोप, थोडं लक्ष. आणि दहावीला पोचेपर्यंत त्या सगळ्या कापाकापीला एकच नाव पडतं : ‘अभ्यासात कच्ची’.

एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. ती खरी कुणी नाही. शहराच्या पूर्व भागातल्या अनेक घरांतले तुकडे जोडून मी ती उभी केली आहे. पाचवीत आहे. आई घरी विड्या वळते, वडील यंत्रमागावर पाळी करतात. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी सगळंच, आणि शाळा मराठी.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात, हे सोलापूरकराला सांगायला नको. उजनी धरण भरलेलं असलं तरी ही रड चालूच. बाहेरच्या वाचकाला मात्र सांगावं लागेल, की पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरातला एक वेगळाच वार असतो. ते पहाटे येईल, नाहीतर रात्री अकराला येईल. बॅरल, घागरी, बादल्या, पातेली, जे भरता येईल ते भरायचं. आईला हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात, वडील पाळीवर असतात. मग नळाशी उभं कोण राहतं? पाचवीतली मुलगी. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला तिचे डोळे मिटायला लागतात आणि बाई म्हणतात, “रात्री टीव्ही बघत बसलीस ना?”

पाण्याखेरीज रोजची कामं आहेतच. धाकट्या भावाला सांभाळणं, भांडी, आणि सूप मांडीवर घेऊन बसलेल्या आईच्या शेजारी विड्यांची तोंडं बंद करत बसणं. ही सगळी मिळून रोज दीड तासाची धरू, जास्त नको. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळेला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास ठरवून दिले आहेत. 200 दिवस रोज दीड तास म्हणजे 300 तास. शाळेने 800 तास शिकवलं आणि ते पक्कं व्हायला लागणारे 300 तास घराने कापून घेतले. घराने तरी काय करावं? विडीची मजुरी हजारावर ठरते. हजार झाल्या तर चूल.

आता आवाज. पूर्व भागात कितीतरी ठिकाणी कारखाना आणि घर भिंतीला भिंत लावून असतात. मागाचा खट्याक-खट्याक आवाज इतका सवयीचा, की तो थांबला की लोक दचकतात. वीज गेली वाटतं! “आम्हाला तर ऐकूही येत नाही,” असं घरातली माणसं म्हणतात आणि ते खरंच असतं. पण कानाला सवय झाली म्हणजे मेंदूचा खर्च थांबला असं नाही.

न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या अगदी शेजारून पुलावरची रेल्वे जायची. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1975 मध्ये तिथल्या मुलांच्या वाचनाची तुलना केली. शाळा एक, शिक्षक तेच, वस्तीही तीच. फरक इतकाच, की काही वर्ग रुळांच्या बाजूला होते आणि काही पलीकडे, शांत बाजूला. रुळांकडच्या वर्गातली मुलं वाचनात स्पष्ट मागे पडलेली आढळली. वरच्या इयत्तांत तर हे अंतर वर्षभराच्या अभ्यासाइतकं. नंतर रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं केली. 1981 मध्ये पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही बाजूंतला फरक नाहीसा झाला होता. मुलं तशीच होती, फक्त गोंगाट कमी झाला होता. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्यात कुणाच्या ‘जिद्दी’चा संबंध येत नाही.

म्हणून घरकुलाची योजना ही शिक्षणाची योजनाही असते. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर या कामगार वसाहतीची 15,000 घरं 19 जानेवारी 2024 ला कामगारांच्या ताब्यात द्यायला सुरुवात झाली, तेव्हा बातम्या घरांच्या आल्या, राजकारणाच्या आल्या. पण दार लावून घेता येईल अशी खोली मिळणं म्हणजे त्या घरातल्या पोराला अभ्यासाची जागा मिळणं, हे कुणी फारसं म्हटलं नाही. अर्थात गावाबाहेर घर मिळालं की शाळेपर्यंतचं अंतर आणि बसचं भाडं हे नवं प्रकरण सुरू होतं.

पोटाचं थोडक्यात सांगतो, कारण ते निदान बोललं तरी जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सुमारे 69 टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी. लोह कमी म्हणजे रक्त प्राणवायू कमी वाहून नेणार. असं मूल आजारी दिसत नाही, ते ‘सुस्त’ दिसतं. शाळेतल्या दुपारच्या जेवणाला आपण खिचडी म्हणून नाक मुरडतो, पण देशभरातल्या मुलांची माहिती तपासणाऱ्या एका अभ्यासात, ज्यांना प्राथमिक शाळेची पाचही वर्षं हे जेवण मिळालं त्यांचं वाचन, वर्षभरही न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 18 टक्क्यांनी सरस निघालं. तांदळात असं काही जादूचं नसतं. पोट भरलं की लक्ष फळ्याकडे जातं, इतकंच.

भाषेचा मुद्दा सोलापुरात टाळताच येत नाही. काम करताना आपलं मन स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखं असतं. कपाटात कितीही डबे असोत, ओट्यावर एका वेळी चार-पाच भांडीच मावतात. वाचताना याच ओट्यावर अक्षरं ओळखायची, शब्द जुळवायचा, त्याचा अर्थ धरून ठेवायचा आणि वाक्याच्या शेवटापर्यंत जायचं. सवयीच्या वाचकाला अक्षर ओळखायला जागा लागत नाही, त्यामुळे सगळा ओटा अर्थासाठी मोकळा. अडखळत वाचणारी मुलगी वाक्याच्या शेवटाला पोचते तोवर सुरुवातीचं भांडं खाली पडलेलं असतं. ‘वाचता येतं पण समजत नाही’ असं जे शिक्षक सांगतात, ते बहुतेकदा हेच असतं.

आणि घरची भाषा वेगळी असली की त्याच ओट्यावर आणखी एक जड भांडं येतं. मराठीत दगड तो, वाट ती आणि झाड ते. का? याला उत्तर नाही. आपण ते आईच्या कडेवरून ऐकत शिकलो. तेलुगूत निर्जीव वस्तूंना अशी लिंगं वाटून दिलेली नाहीत. त्यामुळे आपली पाचवीतली मुलगी ‘ते वाट’ लिहिते आणि लाल गोल मिळवते. तिला विषय कळलेला असतो, उत्तर बरोबर असतं, पण वही लाल दिसते. तीन भाषांत भाजी घेणाऱ्या मुलीला शाळा ‘भाषा कच्ची’ म्हणते तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

इथे एक गैरसमजही निस्तरायला हवा. 1995 मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 42 कुटुंबांच्या निरीक्षणावरून असा निष्कर्ष काढला, की गरीब घरातल्या मुलांच्या कानांवर चौथ्या वर्षापर्यंत सुखवस्तू मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात. हा आकडा जगभर गाजला. पुढे इतरांनी दाखवलं, की शेजारीपाजारी, आजी, भावंडं यांचं बोलणं धरलं तर चित्र बरंच बदलतं. आपल्या गल्लीत उभं राहून पाहिलं तर हे सांगायला संशोधकही नको. साखर पेठेतल्या पोराच्या कानांवर शब्द कमी पडतात, असं म्हणायला मी धजणार नाही. कमी पडतात ते पुस्तकी शब्द. ‘खालीलपैकी’, ‘अनुक्रमे’, ‘योग्य पर्याय निवडा’. हे शब्द रस्त्यावर कुणी बोलत नाही, आणि परीक्षा तर त्यांच्यातच येते.

गणितात हीच गोष्ट आणखी स्पष्ट होते. आईने हाक मारून विचारलं, “बत्तीस बंडलं झाली, हजाराला किती राहिल्या गं?” तर मुलगी मान वर न करता सांगेल, “आठ बंडलं, दोनशे.” पंचवीसचं बंडल, चाळीस बंडलांचे हजार. म्हणजे तिने मनात भागाकार केला, वजाबाकी केली, गुणाकार केला. सकाळी तीच मुलगी फळ्यावरच्या 1000 ÷ 25 समोर खडू घेऊन गप्प उभी राहते. बाईंना वाटतं, हिला येत नाही. मुलीलाही तसंच वाटतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेला अभ्यास नेमका यावर आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विकायला बसणाऱ्या मुलांना आधी गिऱ्हाईक बनून प्रश्न घातले : अमुक भावाने इतकं, तमुक भावाने तितकं, ही नोट घे, परत किती? बहुतेक मुलांनी हिशोब कागदाशिवाय चोख केला. मग तीच गणितं शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली, तर मुलं अडकली. बाजारात न बसणाऱ्या शाळकरी मुलांचं उलट निघालं. पुस्तकी गणित बऱ्यापैकी, पण बाजारातला हिशोब पुढे आला की घाम. म्हणजे दोन्हीकडे बुद्धी आहे, मधला पूल कुणी बांधलेला नाही. तो बांधणं हे शाळेचं काम, आणि बंडलं मोजणारी मुलगी वर्गात बसलेली असताना पुस्तकातलं गणित मात्र आगगाडीच्या डब्यांचं असतं.

पूल न बांधताच वर्ग पुढे जातो. खरा घाव इथे बसतो. तिसरीत भागाकार सुटला म्हणून चौथीचा अपूर्णांक थांबत नाही, आणि अपूर्णांक कळला नाही म्हणून सहावीची टक्केवारी वाट पाहत नाही. मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणात 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. उरलेली निम्मी रोज शाळेत येतात, बसतात आणि ज्यातलं काही कळत नाही असं पाच-सहा तास ऐकून घरी जातात. मोठ्या माणसाला ऑफिसात असं रोज बसवलं तर तो आठवड्यात राजीनामा देईल. मुलं तो सातवी-आठवीत देतात. आपण त्याला गळती म्हणतो.

आता जातीकडे येऊ. इथे पैशाचा हिशोब पुरत नाही. सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. नाव इंग्रजी आणि साधं वाटतं, पण मागे 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आहे. पारधी, कैकाडी अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं जायचं, हजेरी घेतली जायची. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, पण पत्त्यात तो शब्द उरला. शाळेत कुणी पत्ता विचारला की सांगणाऱ्या मुलाचा आवाज किती खाली जातो, हे ऐकणाऱ्याला कळतं.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलग्यांवर एक प्रयोग केला. तो 2006 च्या सुमारास छापून आला. मुलांना कागदावरची वाटा शोधायची कोडी दिली, सुटलेल्या प्रत्येक कोड्याला पैसे. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीला प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. कोडी तीच, पैसे तेच, आणि खालच्या जातींच्या मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. त्यांची अक्कल पाच मिनिटांत कुठे गेली? कुठेच नाही. ‘आपण कितीही केलं तरी इथे आपलं मोल होणार नाही’ ही जुनी खात्री जागी झाली, आणि अशी खात्री असताना कोण जीव तोडून करेल?

आपल्या वर्गांत हा प्रयोग दरवर्षी फुकट होतो. “शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत, एससी, एनटी उभे राहा.” शिष्यवृत्ती चांगली, तिच्यावाचून कित्येकांचं शिक्षण थांबेल. पण हेच वाक्य शेवटच्या तासाला, एकेकाला जवळ बोलावून सांगता येतं. त्याला एक पैसाही लागत नाही.

जिल्हा साखर कारखान्यांचा असल्याने आणखी एक वर्ग विसरता येत नाही : ऊसतोड कामगारांची मुलं. दिवाळीच्या सुमारास कोयता, म्हणजे तोडणीला जाणारं जोडपं, निघतो, गुढीपाडव्याच्या आगेमागे परततो. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र पूर्ण गेलं. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली. जिथे आजी गावी असते तिथे मूल राहतं, जिथे नसते तिथे फडात झोपलेल्या धाकट्याला राखतं. ऊस म्हटलं की तमिळनाडूतला 2013 चा एक अभ्यासही आठवतो. 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांची विचारशक्ती तोडणीच्या आधी, हाती पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर तपासली. तीच माणसं पैसे येण्याआधी कोड्यांत जास्त चुकली. पैशाची चिंता मनाचा ओटा व्यापून बसते. पगाराआधीच्या दिवसांत आई-बाप वहीकडे बघत नाहीत, किंवा बघितलं तर खेकसतात, त्यामागे ‘पालकांना शिक्षणाची आस्था नाही’ हे नेहमीचं कारण मला पटत नाही ते यामुळे.

मग दिव्याखाली शिकून साहेब झालेल्यांचं काय? निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचे फोटो येतात, पेढा भरवणाऱ्या विडी कामगार आईसह. मला त्या फोटोंचा आनंदच होतो. पण जवळून विचारलं तर अशा बहुतेक गोष्टींत तो गायब कर्ता कुठेतरी सापडतोच. फी न घेणारे सर, रात्री अभ्यासिकेची किल्ली देणारा शेजारी, शिकलेली मावशी. फोटोत तो नसतो, म्हणून आपल्याला वाटतं नुसत्या जिद्दीवर झालं. तशीच जिद्द असलेली पण मावशी नसलेली पोरगी त्याच गल्लीत असते. तिचा फोटो येत नाही.

उपायांपैकी सगळ्यात पक्का पुरावा आहे तो मुलाला त्याच्या पातळीवरून शिकवण्याचा. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, फार पदव्या नसलेल्या तरुण मुली. मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोनेक तास वर्गाबाहेर घेऊन बसायच्या आणि जिथे गाडी अडली तिथून शिकवायच्या. 2001 ते 2003 या काळात ते मोजलं गेलं आणि मुलांचे गुण खरोखर वाढले. इयत्ता पाचवी हे वय झालं, पातळी वेगळी, इतकं मान्य करायला मात्र अभ्यासक्रम संपवण्याची घाई आडवी येते.

तंत्रज्ञानाने होईल, असंही म्हणतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम जगाने पाहिलं. अभिमान वाटावा असंच आहे. पण त्याच वर्षी शाळा बंद झाल्या आणि कळलं, की घरात फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर पाळीवर जातो. कोड पुस्तकात आहे, फोन कारखान्यात. गुरुजींचा यात दोष नाही. घर गृहीत धरायची सवयच तेवढी जुनी आहे.

सोपी कामं खूप आहेत. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची नजर तपासणं, कारण फळा न दिसणारं मूल तसं सांगत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच धुरकट दिसतं. शेवटचा तास गृहपाठाचा ठेवणं, म्हणजे सराव शाळेतच होतो. पाण्याच्या दिवशी उशिरा आलेल्या मुलीला दारात उभं न करणं.

आणि पालकसभा. ती कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते. यंत्रमाग कामगाराने यायचं तर पाळीचा खाडा, विडीवालीने यायचं तर दोन-तीनशे विड्या कमी. नाही आले की रजिस्टरात ‘गैरहजर’. त्यापेक्षा बाईंनी सांगायचं ते दोन मिनिटांचं बोलणं सातवीतल्या एखाद्या मुलीकडून तेलुगूत फोनवर बोलून घ्यावं आणि संध्याकाळी पाठवून द्यावं. वडील पाळीवरून आले की फोन घरी असतोच. विड्या वळताना आईचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात.